बाळ-बाळंतीण सुखरूप

९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमच्या शाळेच्या ऑफिसात फोन करून 'बाळ-बाळंतीण सुखरूप' एवढंच सांगितलं, कारण पलीकडून कोणी साहेब 'आटपा लवकर' म्हणून ओरडत होते. म्हटलं, सविस्तर पत्रातच लिहावं. आमच्या बेकरीतल्या फोनवर बोलायचं म्हणजे पाव घ्यायला आलेली अख्खी रांग कान टवकारून उभी असते.

तर नात झाली. रंग तुमच्या लेकीचा, नाक मात्र आमच्या घराण्याचं, त्याला माझा इलाज नाही. आवाज कोणाचा ते देव जाणे. भूक लागली की असा टाहो फोडते की तिचा बाप भट्टी सोडून पिठाच्या हातांनी धावत येतो. तूर्तास आम्ही तिला ढमी म्हणतो. खरं नाव ठेवू सावकाश.

सूनबाई बरी आहे. तशी बरी आहे. डोकं दुखतं म्हणते. पडदा ओढून घेते, उजेड नको म्हणते, बाळ झोपलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. पावलं जरा सुजली आहेत, चपलेत जात नाहीत. पहिली खेप आहे, जागरण आहे, होत असेल. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आठवड्याच्या आत आईलाही दाखवून जा. पण इकडे एका मोठ्या समारंभाची ऑर्डर आलीये, चिरंजीवाला भट्टीपासून हलता येत नाही आणि मला काउंटरपासून. तरी नेलं असतं मी, पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तिला आधीपासून अशी डोकेदुखीची सवय आहे का? तिची प्रकृती तुम्हाला ठाऊक. मला दोन्ही मुलगेच, त्यामुळे मुलीचं दुखणं-खुपणं मला ओळखता येत नाही, आणि ती संकोचाने मला पुरतं सांगत नाही. राईचा पर्वत करतेय असं मात्र समजू नका हो.

परीक्षा संपल्या की या. खाट तयार आहे.

तुमची विहीण,
बेकरीवाली


१३ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पोचलं. ढमी हे नाव मी जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवलं, तर वसतिगृहातल्या माझ्या पोरी ताटावर बसून खो-खो हसल्या. नाक तुमच्या घराण्याचं असू दे, ते मुरडायची सवय तिला लागली नाही म्हणजे मिळवलं.

बाकी जे लिहिलंत ते समजलं. फार सांभाळून लिहिलंत. दुसरी कोणी असती तर सरळ म्हणाली असती, तुमची मुलगी दिवसभर लोळत असते.

विहीणबाई, मुलींच्या वसतिगृहाची मावशी म्हणून माझे केस पांढरे झाले. डोकेदुखीतली मी मोठी डॉक्टर आहे. गणिताचा पेपर असला की इथे अर्ध्या वसतिगृहाचं डोकं दुखतं. पडदे ओढतात, उजेड नको म्हणतात, झकास कण्हतातसुद्धा. मी एक शब्द बोलत नाही. हातात झाडू देते, नाहीतर धुऊन आलेल्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला बसवते. जेवणाची घंटा होईपर्यंत सगळ्या ठणठणीत. माझ्या पाठीमागे मला 'हवालदार' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतं.

आमचं रत्न त्याच खाणीतलं. लहानपणापासून डोकं दुखणं हे तिचं ठेवणीतलं हत्यार. तेव्हा काळजी करू नका आणि भीडही धरू नका. तिला उठवा, हाताला काम द्या. चार पावलं चालली की पायांची सूज आपोआप उतरते. दवाखान्यात न्यायचं ते बाळाला न्या. तिच्यासाठी तुमची भट्टी थंड करायची काही गरज नाही. मी तिलाही याच टपालाने वेगळं लिहिते आहे.

तुमची विहीण,
वसतिगृहातली


१३ फेब्रुवारी

बयो,

लेक झाली, छान झालं. आता आईपण म्हणजे काय ते तुला कळेल. कधी एकदा तिला बघते असं झालंय, पण परीक्षेच्या तोंडावर इथून मला कोणी हलू देत नाही.

आता कान इकडे कर. तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. फार गोड लिहितात बाई. पण मी काही दुधखुळी नाही. 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात ना, तसं हे विहिणीला बोले सुनेला लागे. तू पडदा ओढून झोपतेस, भिंतीकडे तोंड करतेस, हे एका बाईने दुसरीला कशाला लिहावं? घरात ऑर्डर आहे, हात कमी आहेत, आणि सून खोलीत आडवी. वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोकं कोणाचं दुखत नाही गं? बाळ झालं की झोप जाते, आणि झोप गेली की डोकं ठणकतं. त्याला डॉक्टर काय करणार? ऊठ, वेणी घाल, चार केकांवर नावं काढ, तेवढाच त्यांना हातभार. तुझं अक्षर बघून लोक लांबून केक न्यायला येतात असं त्याच कौतुकाने सांगत होत्या. आणि ऊठसूट दुखतंय-दुखतंय करू नकोस. त्यांना ते आवडत नाही हे पत्रावरून स्पष्ट दिसतंय. माझं नाव राख.

ढमीचा माझ्या वाटणीचा पापा घे.

तुझी आई


१९ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उठले. सासूबाई नको नको म्हणत होत्या, मी म्हटलं आता बरं वाटतंय. काळजी करू नकोस, तुझं नाव राखलंय.

केकांवर नावं काढायला लागले आहे. अक्षरं थोडी वर-खाली जातात. मधेच डोळ्यांसमोर काजवे चमकतात, मग मी क्रीमची पिशवी खाली ठेवून थांबते. काल एका मुलाचं नाव दोनदा खरवडून पुन्हा काढलं. हे म्हणाले, केकने घेतलीये वाटतं थोडी! सगळे हसले, मीपण हसले.

काल ढमीला टोचायला नेलं होतं. वजन छान वाढलंय म्हणून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. निघताना नर्सने मला विचारलं, "आणि तुमचं काय? तुमची तपासणी राहिलीये." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला सांगायचं होतं गं. पण बाहेर हे गाडी चालू ठेवून थांबले होते, पाव भट्टीत होते, ढमी रडत होती, आणि तुझं पत्र डोक्यात होतं. मी म्हटलं, मी अगदी बरी आहे. मग आम्ही घरी आलो.

आई, सासूबाई तशा नाहीत. त्यांनी तक्रार म्हणून लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण माणसं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात.

परीक्षा संपायच्या आधी तुला येता येईल का? नुसतं विचारतेय.

तुझी बयो


२० फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमच्या शब्दाला गुण आहे हो! तुमचं पत्र आलं आणि सूनबाई उठून उभी राहिली. मी इतके दिवस जीव मुठीत धरून होते, आता जरा श्वास घेतला. सकाळी काउंटरवर येते, संध्याकाळी नावं काढायला बसते. काल मधेच कपाळाला हात लावून स्टुलावर टेकली, पण मी विचारलं तर 'काही नाही' म्हणाली. आईला मुलीचं बरोबर कळतं हेच खरं.

दवाखान्यात तिच्याबद्दल विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ती स्वतःच बरी आहे म्हणाली, तुमचंही पत्र तसंच होतं, मग मध्ये तोंड घालणारी मी कोण? तेही बरंच झालं, कारण घरी येईपर्यंत पावांचा एक ट्रे करपला होता. आणखी थांबलो असतो तर सगळेच गेले असते.

ढमी आता बोट घट्ट धरते. तुमच्या हवालदारीची एक फेरी माझ्या मुलावरही होऊ दे एकदा, रोज पीठ सांडून ठेवतो.

तुमची विहीण,
बेकरीवाली


२४ फेब्रुवारी

बयो,

तुझं आणि सासूबाईंचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. त्यांनी भरभरून कौतुक केलंय तुझं. ऊर भरून आला. बघ, म्हटलं नव्हतं मी? उठून कामाला लागलं की अर्धं दुखणं पळतं.

काजव्यांचं म्हणशील तर जागरण, दुसरं काही नाही. दुपारी ढमीबरोबर डोळा लागतो का बघ. परीक्षेआधी कशी येऊ गं? इथे एकीला कांजिण्या, दुसरी घरी जायचं म्हणून रडतेय. थोडी कळ काढ. आले की तुला हलू देणार नाही जागेवरून, मग हवं तेवढं लोळ.

आई


१८ मार्च

विहीणबाई,

नमस्कार लिहायला हात होत नाही, क्षमा करा.

इस्पितळातल्या त्या बाकावर आपण दोघी शेजारी बसलो होतो आणि एकमेकींशी 'चहा घेणार का' याच्यापलीकडे बोललो नाही. तिथे तिच्या जिवाचं चाललं होतं म्हणून मी गप्प राहिले. रजा संपली, तिला तशी टाकून परत यावं लागलं. आता ती शुद्धीवर आहे, धोका टळला म्हणतात, तर मला विचारू द्या.

मी इतक्या लांब होते. तुम्ही तर एका भिंतीपलीकडे होतात. तिचे पाय तुम्हाला दिसत होते. दवाखान्याच्या आत नेऊन उभी केलीत तिला, नर्सने आपणहोऊन विचारलं, आणि तुम्ही तशीच परत घेऊन आलात! कशासाठी? पावांसाठी? काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर आकडी येऊन पडेपर्यंत वाट बघितलीत.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत. बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असं नसतं, नंतरही रक्तदाब चढतो. डोकं दुखणं, काजवे, सूज, सगळं त्याचंच होतं. दंडाला पट्टा बांधून एकदा बघितलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. आता मेंदूत रक्त उतरलंय, आणि उजवी बाजू किती परत येईल ते त्यांनाही सांगता येत नाही.

तिने माझ्याकडे पाणी मागायचा प्रयत्न केला. तो शब्द तिला सापडेना. मी पेला पुढे केला तर ती रडायला लागली. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

मला उत्तर हवंय.


२३ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंत त्यातला एक शब्दही खोटा नाही. रागावण्याचा तुमचा हक्क आहे. मीही स्वतःला हेच विचारते आहे, भांडी घासताना, पैसे सुट्टे करताना.

काल तिला घरी आणलं. संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, बाळा, तू मला सांगितलं का नाहीस? बराच वेळ ओठ नुसते हलले. मग म्हणाली, "आई." मला वाटलं तुमची आठवण आली. मग एकेक शब्द गोळा करून म्हणाली, "आई म्हणाली. तुम्हाला. आवडत नाही."

मी उठून भट्टीमागे गेले आणि तिथे पिठाच्या पोत्यावर बसून रडले.

विहीणबाई, मी ते पत्र तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं हो. मला भीती वाटत होती. तिचे पाय बघून. पण तसं लिहिलं तर तुम्हाला वाटलं असतं आम्ही तुमच्या मुलीची आबाळ करतो, आणि इतक्या लांब तुमच्या जिवाला घोर लागला असता. म्हणून 'बरी आहे, तशी बरी आहे' असं मानभावीपणे लिहीत बसले. मनात होतं ते सरळ कागदावर उतरवलं असतं तर तुम्ही तशाच धावत आला असतात.

आणखी एक सांगते, हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. तुमचं 'भट्टी थंड करू नका' वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मला तेच ऐकायचं होतं. ती बरी नाही हे मला आतून कळत होतं, पण तुमच्या पत्राचा मी आधार घेतला आणि ऑर्डर पुरी केली. ढमीला आम्ही रोज पिठाच्या काट्यावर टॉवेल पसरून तोलत होतो. एखाद्या दिवशी काटा हलला नाही तर घरभर चर्चा. तिच्या आईला मात्र आम्ही कोणी धड विचारलंसुद्धा नाही.

तुमचं फेब्रुवारीचं तिच्या नावाचं पत्र ती इस्पितळात गेल्यावर आलं. ते मी फोडलेलं नाही. तिला अजून वाचता येत नाही. देऊ का तिला, की ठेवून देऊ? तुम्ही म्हणाल तसं करते.

तुमची विहीण


२९ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

ते पत्र चुलीत घाला. त्यात मी तिला शाबासकी दिली आहे.

तुमचं पत्र घेऊन मी कपड्यांच्या कोठीत जाऊन बसले, कारण तिथे पोरी येत नाहीत. तुमच्याकडे उत्तर मागायला निघाले होते मी! आपला तो बाब्या असं म्हणतात, इथे आपल्याच मुलीला मी खोटं पाडलं. ती लहानपणी पेपराच्या दिवशी डोकं दुखतं म्हणायची, तेवढंच मी धरून बसले. इतकी वर्षं पोरींची सोंगं पकडली म्हणून मी मिरवत आले. आणि खरं दुखणं पत्रातून समोर आलं, सूज, काजवे, सगळं लिहून आलं, तर मला त्यातही सोंगच दिसलं.

तुम्ही म्हणता, सरळ लिहिलं असतं तर मी धावत आले असते. तसं म्हणून तुम्ही मोठेपणा दाखवलात. पण रात्रंदिवस विचार केला तर मला खात्री देता येत नाही. मी कदाचित म्हणाले असते, विहीणबाई घाबरट आहेत.

कालची गोष्ट सांगते. शेवटचा पेपर होता. एक पोरगी आली, म्हणाली, मावशी, डोकं दुखतंय. माझा हात सवयीने झाडूकडे गेला. मग मी तिला हाताला धरून तडक दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना म्हटलं, आधी रक्तदाब बघा. ते हसले. तिला काही झालेलं नव्हतं, सोंगच होतं, ती उड्या मारत परत आली. मी तिथल्या बाकावर बसून इतकी रडले की डॉक्टरांनी मलाच पाणी दिलं.

सुट्टी लागली. वसतिगृह रिकामं झालं. माझी बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि माझा पाय निघत नाही. गेल्या खेपेला ती धड शुद्धीत नव्हती, म्हणून तिच्यासमोर उभं राहता आलं. आता तिला सगळं आठवतंय. कोणत्या तोंडाने येऊ? तुम्हीच तिला विचारा. ती ये म्हणाली तर येते. नको म्हणाली तर तेही मला कळवा, गोड करून लिहू नका.

तुमची विहीण


६ एप्रिल

विहीणबाई, सूनबाई सांगतेय आणि मी लिहितेय. एकेका शब्दाला वेळ लागतो, कधी शब्द चुकतो आणि ती मान हलवून खोडायला सांगते. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

आई,

सासूबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं.

मी रागावले आहे. खूप. पत्रात रागावता येत नाही. शब्द सापडेपर्यंत राग निघून जातो, मग पुन्हा येतो. म्हणून तू समोर हवीस.

तुझ्यावर रागावले आहे, सासूबाईंवर पण. हे त्यांना लिहायला लावलं. त्या लिहितायत. माझ्यावर पण रागावले आहे. नर्सने विचारलं होतं.

हात खांद्यापर्यंत उचलतो. बोटं नाही उघडत. ढमीला एकटीने घेता येत नाही. सासूबाई मांडीवर ठेवतात, बाजूने उशी लावतात. दूध बाटलीचं. तिला चालतं. मला नाही चालत, पण काय करणार.

बघायला माणसं येतात. दारातूनच विचारतात, कुठे आहे आमची ढमी? तिला उचलतात, नाक बघतात, हसतात. मग मी दिसते. मग त्यांचा आवाज बदलतो.

तू ये. बॅग भरलीयेस तर ये. पण बघायला येणाऱ्यांसारखं करू नकोस. आलीस की ढमीला नंतर घे. आधी माझ्याजवळ बस, आणि विचार, कशी आहेस.

मी बरी आहे म्हणाले, तर पुन्हा विचार.